मस्कतच्या वाटेवर दहिसर

सोमवार, १८ नोव्हेंबर १९८५

ही डायरी आमच्या चाळीच्या मंडळानं मला निरोप समारंभात दिली. ‘सहदेव, मस्कतचे अनुभव यात लिही, परत आलास की वाचून दाखव,’ असं सेक्रेटरी माइकवरून म्हणाले होते. तेव्हा पहिला अनुभव लिहून टाकतो. मी दहिसरला आहे. नदीच्या बाजूला अनंतची खोली आहे, तिच्या पोटमाळ्यावर वाकून बसलो आहे, कारण सरळ बसलं की डोकं पत्र्याला लागतं.

विमान उडालंच नाही. इंजिनात बिघाड आहे म्हणाले, मग तासाभरात म्हणाले, मग काहीच म्हणेनात. उजाडता उजाडता टाय लावलेला एक माणूस आला आणि त्यानं फ्लाइट कॅन्सल असं सांगितलं. पुढची कधी ते कळवू. मग विचारलं, बाहेरगावचे कोण आणि मुंबईचे कोण? बाहेरगावच्यांना कंपनीचं हॉटेल, राहणं-जेवण फुकट. मुंबईवाल्यांनी घरी जायचं, निरोप घरच्या पत्त्यावर येईल. मी शाळेतल्या हुशार मुलासारखा हात वर केला आणि वाकोल्याचा पत्ता देऊन बसलो. माझ्या शेजारचा खंडू, साताऱ्याकडचा गवंडी, हॉटेलच्या गाडीत चढताना म्हणाला, तुमचं बरं आहे, बायकोच्या हातचं गरम खाल.

आता घरी कुठल्या तोंडानं जायचं? काल संध्याकाळी शेजारच्या शांताबाईंनी मला ओवाळलं. गळ्यात हार इतके की मान वळेना. टेम्पो करून अर्धी चाळ सहार विमानतळावर आली. कोपऱ्यावरच्या मंडळाच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलंय, ‘आपल्या चाळीचे सुप्रसिद्ध वायरमन श्री. सहदेव काशीराम राऊळ मस्कतला रवाना.’ सुप्रसिद्ध कधी झालो देव जाणे. माझ्या पेटीवरही पांढऱ्या रंगानं ढळढळीत नाव आणि मस्कत लिहिलंय. रिक्षात मी तिच्यावर चादर टाकली तेव्हा रिक्षावाला माझ्याकडे असा बघत होता, जणू आत मढंच आहे.

आणि आमच्याच चाळीतला सीताराम डोळ्यांसमोरून जाईना. दोन वर्षांपूर्वी दुबईला पाठवतो म्हणून एजंटनं त्याला फसवलं, आणि तो हार हातात घेऊन सहारहून परत आला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं ‘दुबई’. नळावर, संडासच्या रांगेत, गणपतीच्या वर्गणीला, सगळीकडे दुबई. शेवटी खोली विकून गेला बिचारा. तो परत आला त्या सकाळी आमचे बाबा गॅलरीत उभे होते. बाबा गिरणीतले, संपात सगळं गेलं तरी कुणापुढे मान खाली घातली नाही. ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, “हार घालून गेलेल्या माणसान तोंड घेऊन परत येवचा तरी कसा?”

हे वाक्य आठवलं आणि मी रिक्षावाल्याला वाकोल्याऐवजी दहिसर सांगितलं. पुढच्या विमानाचं काय ते खंडूच्या हॉटेलात जाऊन विचारीन.

अनंत माझा गिरणीपासूनचा दोस्त. आता कलिन्याला वर्कशॉपमध्ये आहे, म्हणजे रोज आमच्या चाळीवरूनच जातो. त्याला गावच्या रवळनाथाची शपथ घातली की घरी कुणाला काही बोलायचं नाही. तो म्हणाला, टेन्शन घेऊ नको यार, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

व्हिसा तीस तारखेपर्यंत आहे. तोवर मस्कतला पाय लागला नाही तर नोकरी गेली, आणि गावची आंब्याची कलमं गहाण टाकलीत तीही गेली. मला भीती वाटते. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार भीती वाटते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी तोंडाला रुमाल बांधून अंधेरीला गेलो. खंडूचं हॉटेल थाटाचं आहे. गालिचावर चप्पल घालून चालावं की काढून, ते मला कळेना. तो म्हणाला, मी पण पहिल्या दिवशी हातात घेऊन चाललो.

त्याच्या खोलीत आखातातली जुनी खोडं जमली होती. त्यांच्याकडून खंडू बरंच शिकलाय. विमान त्यांचं बिघडलं, म्हणजे जबाबदारी त्यांची. नेऊन पोचवेपर्यंत आपण त्यांच्या अंगावर. त्यांचं विमान नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवायला सांगायचं, खायला मागायचं, घरी पाठवलं तर गाडी मागायची. न मागणाऱ्याला कुणी देत नाही. मला म्हणाला, तू पण जाऊन सांग, मला घरी राहता येत नाही, हॉटेल द्या.

मी विमानतळावर गेलो आणि काउंटरच्या अलीकडे उभा राहून आलो. पुढे पाऊल उचलेना. उद्या तो टायवाला म्हणाला, तक्रार करतोस होय, दे तिकीट इकडे, तर? गरिबानं हक्काची गोष्ट जपूनच करावी. खंडूला म्हटलं, बोललो त्यांच्याशी. खोटंच.

दहिसरला नदीवरून गार वारा येतो. संध्याकाळी अनंतनं एक मफलर आणून दिला, करडा, एका टोकाला विरलेला. बाबांचा आहे अगदी तस्साच. म्हटलं, जुना कशाला घेतलास? तर म्हणाला, फुटपाथवर स्वस्तात मिळाला. त्याला तंबाखूचा वास येतो. रात्रभर तो नाकाशी धरून झोपलो, लहान मुलासारखा.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज बालंबाल वाचलो. हॉटेलच्या वळणावर शांताबाईंचा भाचा रतन समोरून आला. मी पानाच्या गादीमागे बसलो, खाली, गटाराशी. तो थांबला, इकडे बघितलं, आणि मग उगाच आभाळाकडे बघत निघून गेला. त्यानं मला ओळखलं नाही हे नक्की. ओळखलं असतं तर तो बोंबलला असता, त्याचं पोट म्हणजे चाळण, त्यात काही राहत नाही. तरी तसाच दहिसरला परत आलो. आता अंधेरीला जाणार नाही. खंडूला हॉटेलात फोन करीन.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, आमच्या मालवणी पद्धतीनं तिरफळं घालून. प्रेमावहिनी नाशिकच्या, त्यांच्या माशाला शेंगदाण्याच्या कुटाची चव लागायची म्हणून आम्ही अनंतला चिडवायचो. आज मात्र घास तोंडात घेतला आणि माझी बायको, सुगंधाच समोर आली. वहिनींना म्हटलं, झकास शिकलात. त्या भांडी आवरायला उठून गेल्या. स्तुती करून घ्यायची सवय नाही बाईंना.

सुगंधा आज काय करत असेल? अजून मस्कतहून तार नाही म्हणून घाबरली असेल. वाकोल्याला डोक्यावरून विमानं जातात, आणि आमची लेक जया प्रत्येक विमानाला हात करते. रविवारी तिनं किती विमानांना बाबा म्हणून हात केला असेल कोण जाणे. त्यातल्या एकातही मी नव्हतो.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

फोन लागला नाही. नाक्यावरच्या दुकानातला फोन मेला आहे, पलीकडचाही. केबल तुटलीय म्हणतात. एका अर्थी बरंच झालं, इंग्रजीत बोलावं लागलं असतं.

अनंत आज नजर देत नाही. मी विचारलं, आमच्याकडचं काही कानावर? तर म्हणाला, सगळं ठीक, जयाला जरा सर्दी आहे, एवढंच. मग पटकन उठून पाणी प्यायला गेला. त्याला माझं ओझं होतंय. वहिनी रोज मासे करतात, खर्च होतोच. उद्या काहीही झालं तरी जाऊन विचारायचं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

हॉटेलात खंडू नाही. कुणीच नाही. गादीवरच्या चादरी काढून ठेवल्या होत्या. तिथला माणूस म्हणाला, मस्कतवाले कल रात को गये.

विमानतळावर धावत गेलो. आज काउंटरपाशी पोचलो, कारण आता भ्यायला काही उरलं नव्हतं. टायवाल्यानं कागद काढून बघितला. माझ्या नावापाशी रेघ. म्हणाला, आमचा माणूस बुधवारी संध्याकाळी तुमच्या पत्त्यावर गेला होता. घरच्यांनी सांगितलं, सहदेव रविवारीच मस्कतला गेला. त्याला वाटलं, दुसऱ्या विमानानं गेले असतील. मग आम्ही काय करणार? सीट दुसऱ्याला दिली. आता नवीन तिकीट काढा.

घरच्यांचं काय चुकलं? त्यांना मी मस्कतलाच आहे असं वाटतंय. मीच त्यांना तसं वाटू दिलं. निरोप माझ्या घरी आला आणि माझ्या घरातनं परत गेला, आणि मी इथं माळ्यावर बांगडे खात होतो.

पुढे लिहवत नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळी चेकनाक्यापर्यंत चालत गेलो. हायवेवर ट्रकांची रांग होती. मनात आलं, यातल्या एकात बसावं आणि जिथं उतरवतील तिथं उतरावं. गुजरातेत वायरमन लागतातच. घरी सगळे म्हणतील, मस्कतला गेला तो गेला. सुगंधा वाट बघेल, मग बघायची थांबेल. एका ट्रकवाल्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, चढ. मी चढलो नाही. मफलर गळ्यात होता आणि त्याला तो वास येत होता, त्यानं पाय मागे ओढला. स्वतःची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

परत आलो तर खोलीच्या दारात चपला. अंगठ्यापाशी तार बांधलेल्या. मी गल्लीतच थांबलो. पळावं असं वाटलं, पण तेवढ्यात बाबा बाहेर आले.

ते ओरडले नाहीत. माझ्याकडे बघितलं, मफलरकडे बघितलं, आणि म्हणाले, “झिला, घराक चल.”

मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाले, “माका पयल्या दिसापासून ठाऊक आसा.”

अनंतनं सोमवारीच त्यांना वर्कशॉपला जाताना गाठलं होतं. रवळनाथाकडे काय ते मी बघतो, असं त्यानं स्वतःच ठरवलं म्हणे. बाबांनी सुगंधाला सांगितलं. सुगंधा रोज डबा भरून अनंतकडे देत होती. मफलर बाबांचाच. मला कळू द्यायचं नाही, पोराची लाज झाकली पाहिजे, असं बाबांनीच सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यांना म्हणजे चाळीला. कारण चाळीला काय, मंगळवारपर्यंत झालंच होतं माहीत. म्हणजे रतननं मला गटाराशी बसलेलं चांगलंच बघितलं होतं.

आणि बुधवारी संध्याकाळी नळाची वेळ, सगळी चाळ खाली, तेव्हा मोटारसायकलवरून एक परका माणूस आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, सहदेव राऊळ घरी आहेत का? बाबांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. माझा मुलगा रविवारी मस्कतला गेला, असं छाती पुढे काढून सांगितलं. नळावरच्या बायकांनी माना हलवल्या. शांताबाई तर म्हणाल्या, पोचल्याची तार पण आली. सुगंधा तेव्हा जयाला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. बाबांना वाटलं, कुणीतरी खोडी काढायला आलाय, नाहीतर एजंटचा माणूस. तो निरोप्या आहे हे काल अनंतनं सांगेपर्यंत त्यांना कळलं नाही.

मग ते सीतारामचं बोलले, मी न विचारता. “ता माझ्या तोंडातसून गेलां नसतां, तर तू सरळ घराक इलं असतंस.”

मी त्यांच्या चेहऱ्याला सहा दिवस घाबरत होतो. आज तो चेहरा बघितला तर तोच माझ्याहून घाबरलेला होता.

रविवार, २४ नोव्हेंबर

काल दिवसाढवळ्या चाळीत आलो. पेटीवरची चादर बाबांनी काढायला लावली. कोपऱ्यावर तो फळा तसाच होता, ‘मस्कतला रवाना’. बाबा थांबले. खिशातला रुमाल काढून ‘रवाना’ पुसलं. खडू त्यांच्याकडे नव्हता, म्हणून पोरांकडून मागून घेतला आणि गिरणीतल्या सहीसारख्या जाड अक्षरात लिहिलं, ‘विमान रद्द. सहदेव घरी आहे.’ मग दोन पावलं मागे जाऊन वाचून बघितलं.

माझे कान तापले होते. आता हाक येणार, मस्कत, ए मस्कत. शांताबाई नळाशी होत्या. मला बघून म्हणाल्या, अजून पाणी गेलं नाही, आंघोळ करून घे. एवढंच. माणसाला लोक हसतात त्याची जेवढी भीती असते, तेवढीच लोकांना त्याची काळजीही असते, हे मला तेव्हा पटलं. त्या काळजीनंच माझी वाट लावली ते वेगळं.

सुगंधा रडली नाही. म्हणाली, तिरफळं ओळखता येत नाहीत तुम्हाला? सात वर्षं संसार केला मी. जया मात्र विचारात पडली आहे. विमानातून उतरलास कसा, हे तिला कळत नाही.

सीट गेलीय ती गेलीच आहे. व्हिसा शनिवारी संपतो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

विमान कंपनीच्या ऑफिसात बाबा आणि मी. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती, दारात शिरताच निम्मी पळाली. साहेबानं तेच सांगितलं. घरच्यांनी प्रवासी गेला असं सांगितलं, कंपनीचा दोष नाही. मागे लाइन होती. कोटवाले, एक बाई अत्तराचा वास येणारी. मी ‘बरं’ म्हणून वळणार होतो. खरंच वळलो होतो.

बाबा वळले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि काउंटरवर ठेवली. मोठ्यानं म्हणाले, “सायबानू, मी खोटां बोललंय. झील माझो हयच होतो. माझ्या खोट्याची शिक्षा तेका नको.”

सगळी लाइन ऐकत होती. ज्या माणसानं संपात उपाशी राहून मालकापुढे टोपी काढली नाही, त्यानं माझ्यासाठी ती काढली. ती टोपी मला बघवेना. मी ती उचलली, त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि मग माझं तोंड आपोआप उघडलं. मराठीतच बोललो. म्हटलं, माझ्या वडिलांचं काय चुकलं ते त्यांनी सांगितलं, आता तुमचं सांगतो. विमान तुमचं बिघडलं. बाहेरगावच्यांना हॉटेल दिलं, मला रिक्षासुद्धा नाही. तुमच्या माणसानं दारात निरोप काय आहे तो सांगितलाच नाही, मी कुठं आहे एवढंच विचारलं. मी कुठल्याही विमानानं गेलो असतो तर तिकिटावर शिक्का असता. हे बघा, कोरं आहे. मला पोचवेपर्यंत मी तुमच्या अंगावर आहे.

हे शेवटचं खंडूचं वाक्य. तो आता मस्कतला विटा रचत असेल, त्याला उचकी लागली असणार.

साहेब आत गेला. बराच वेळ आला नाही. पोलीस बोलवायला गेलाय असंच वाटत होतं. आला आणि म्हणाला, बुधवार, दुसऱ्या कंपनीचं विमान, जागा आहे. बाबांकडे बघून म्हणाला, काका, या वेळी खरं सांगा, कुठे असणार हे? बाबा म्हणाले, घराक.

बुधवार, २७ नोव्हेंबर

विमानतळावर बसून लिहितोय. या वेळी ओवाळणं नाही, हार नाही, टेम्पो नाही. सुगंधानं दारातून, भाजीला पाठवावं तसं पाठवलं. जया म्हणाली, विमान मोडलं तर लगेच ये. बाबा एकटे बरोबर आले. त्यांना आत सोडत नाहीत, म्हणून काचेच्या पलीकडे कट्ट्यावर बसलेत. उडेपर्यंत हलायचं नाही म्हणतात. मफलर मी त्यांच्या गळ्यात परत घातला होता, त्यांनी तो पुन्हा माझ्या पेटीत कोंबला.

आत्ता सांगितलं, उशीर आहे. किती, ते नक्की नाही.

तोच हॉल, तीच घोषणा, आणि व्हिसाला तीन दिवस. आपल्याला कधी पोचायचंच नाही असं वाटायला लागलं. काचेतून बाबांना खुणेनं सांगितलं, उशीर. त्यांनी हातानं विचारलं, जेवलास? मी मान हलवली, नाही.

मग उठलो. काउंटरपाशी गेलो. म्हटलं, उशीर तुमच्यामुळे आहे, मला जेवण द्या. काउंटरवरच्या मुलीनं जेवणाचं पाकीट काढून दिलं. मी तिथंच उभा राहिलो. म्हटलं, बाहेर माझे वडील आहेत, ते मला पोचवायला आलेत, तेही माझ्याएवढेच थांबलेत. ती म्हणाली, नातेवाइकांना द्यायचा नियम नाही. म्हटलं, नसेल. मी मागतोय.

तिनं काचेकडे बघितलं. टोपीवाला म्हातारा बघितला. दुसरं पाकीट दिलं.

दारावरच्या हवालदाराच्या हाती ते बाहेर पाठवलं. बाबांनी उघडलं, आतला ब्रेडचा तुकडा हुंगून बघितला, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी माझा खायला लागलो तेव्हा त्यांनी त्यांचा तोंडात घातला. अजून विमानाचा पत्ता नाही. आम्ही दोघं खातोय.